वाकणारी काठी : राजा घाटावरून एका बांबूची गोष्ट



काशीतल्या मराठी घाटांवर बोलताना आज आपण राजा घाटावर आलो आहोत. नारद घाटाला लागून असलेला हा घाट. नाव राजा घाट असलं तरी तो बांधला अमृतराव पेशव्यांनी, आणि जुनी माणसं त्याला अमृतराव घाटच म्हणायची. इथं आलं की साहजिकच पेशवाईबद्दल बोलावं असं वाटतं. थोडं बोलूच. पण आजचा खरा विषय वेगळा आहे. आजचा विषय आहे गळाची काठी.

एक प्रश्न घेऊन सुरुवात करू. जिवंत वाम गळाला अडकवून पाण्यात लांब फेकायची असेल, तर काठी कशाची असावी? बांबूची, लाकडाची, काचतंतूची की कार्बनची?

प्रश्न हौशी लोकांचा वाटतो. पण गेल्या दीडशे वर्षांत त्याला जी उत्तरं मिळाली, त्यांत आपल्या जंगलातला बांबू येतो, कलकत्त्याचं बंदर येतं, चीनवरची व्यापारबंदी येते आणि विमानांची प्रयोगशाळाही येते. शिवाय इतिहासाबद्दलची आपली एक सवय त्यातून उघडी पडते. नवं ते जुन्यापेक्षा चांगलं, आणि कडक ते मऊपेक्षा चांगलं, असं आपण न तपासता धरून चालतो. या काठीची गोष्ट ते खोटं पाडते.

घाट कुणाचा, नदी कुणाची

आधी अमृतराव. हे राघोबादादांचे दत्तक पुत्र, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे थोरले दत्तक बंधू. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पुणं जिंकलं, बाजीराव पळाले, आणि पुण्याचा कारभार काही महिने अमृतरावांच्या नावानं चालला. 1803 मध्ये आर्थर वेलस्ली पुण्यावर चालून आला. अमृतरावांनी इंग्रजांशी तह केला, सालीना सात लाखांची नेमणूक घेतली आणि ते उत्तरेत आले. काशीत घाट आणि वाडा, ब्राह्मणांसाठी अन्नछत्र, आणि बुंदेलखंडात चित्रकूटजवळ करवी इथं घराण्याचं ठाणं, अशी त्यांची पुढची वर्षं गेली. 1824 मध्ये ते वारले.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. करवी विंध्याच्या कोरड्या टेकड्यांत आहे. बुंदेलखंडापासून मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतच्या अशा कोरड्या पानझडी जंगलांत एक बांबू वाढतो. त्याला आपल्याकडे मानवेल म्हणतात, उत्तरेत लाठी बांस म्हणतात, आणि इंग्रजांनी त्याला नर बांबू म्हटलं. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. कोरड्या जागी वाढला की त्याची पोकळी जवळजवळ भरून येते आणि भिंत जाड होते. पोलिसांची लाठी याचीच.

समोर गंगा आहे. रेल्वे येण्यापूर्वी उत्तरेचा माल याच पात्रातून नावांनी कलकत्त्याकडे उतरत असे. 1834 पासून कलकत्ता ते अलाहाबाद आगबोटीही धावू लागल्या. एका बाजूला बांबूचा मुलूख, दुसऱ्या टोकाला बंदर, आणि मधून वाहणारी ही नदी. आपल्या गोष्टीचा भूगोल एवढाच आहे.

बंसी नावाची काठी

या घाटांवर मल्लाह आणि निषाद समाजाची माणसं पिढ्यान्पिढ्या नाव चालवत आणि मासे धरत आली. त्यांच्या बोलीत गळाच्या काठीला बंसी म्हणतात. मुरलीलाही बंसीच म्हणतात. दोन्ही वेळूच्या, म्हणून दोघींना एकच नाव. काठी कशाची असावी हा प्रश्न या भाषेत उद्भवतच नाही, उत्तर नावातच आहे.

संस्कृतात गळाला बडिश म्हणतात, आणि बंगालीतली बरशी तिथूनच आली. या नदीतल्या एका माशाचं नाव तर आणखी बोलकं आहे. पाठीन म्हणजे मोठा शिकारी मासा, इंग्रजीत ज्याला वालागो म्हणतात. उत्तरेतली माणसं आजही त्याला पढिन म्हणतात. अमरकोशात त्याचं दुसरं नाव आहे सहस्रदंष्ट्र, हजार दातांचा. असा मासा पिठाच्या गोळीला भुलत नाही. त्याला हलतं, जिवंत आमिष लागतं. म्हणून जिवंत आमिषाचा प्रश्न आपल्या नद्यांना नवा नाही.

गळाच्या मासेमारीवर आपल्याकडे लिहिलं गेलं तेही फार लवकर, आणि मराठी मुलखाला अगदी खेटून. कल्याणी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ 1130 च्या सुमाराचा. शंभर अध्याय, वीस-वीसचे पाच गट. गीतांच्या प्रकरणात जुन्या मराठीच्या ओळी सापडतात म्हणून मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो. पण त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरणही आहे. समुद्रातले मासे कोणते, गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय चारायचं, आणि मग दोर, काठी, गळ, आमिष. राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेलं असलं तरी हे पद्धतशीर शास्त्र आहे.

इंग्रजीतली गळाच्या मासेमारीवरची पहिली छापील पुस्तिका 1496 ची, आणि आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक 1653 चं. सोमेश्वर त्या पुस्तिकेच्या साडेतीनशे वर्षं आधीचा. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये जी. के. श्रीगोंदेकरांनी संपादित केला, पहिला खंड 1925 मध्ये आला. पुढे 1951 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी मत्स्यविनोदावर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला, तेव्हा मत्स्यशास्त्राच्या जगाला याची नीट ओळख झाली.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवू. राजानं लिहिलं म्हणून राजाची करमणूक उरली. ज्यांच्या हातात रोज बंसी होती त्यांच्यापैकी कुणी लिहिलं नाही. त्यांचं ज्ञान काठीत राहिलं, आणि बांबूची काठी दहा-वीस वर्षांत कुजते.

वाम फेकताना नेमकं काय होतं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. गंगेतली काटेरी वाम, जिला इथं बाम म्हणतात, ती वेगळी. कोकणातल्या नद्यांत आणि गंगेतही राहणारा, अंडी घालायला समुद्रात जाणारा अहीर वेगळा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची वाम ही अहिराची बहीण. तिथं पट्टेरी बास नावाचा मोठा मासा वामेवर तुटून पडतो. 2011 च्या ऑगस्टमध्ये ग्रेग मायरसन यांनी कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ धरलेला 81 पौंड 14 औंसांचा, म्हणजे सुमारे 37 किलोंचा विक्रमी बास जिवंत वामेवरच लागला होता.

वाम हाताला बुळबुळीत, म्हणून ती फडक्यात धरतात. शांत राहावी म्हणून बर्फावर ठेवतात. गळ तिच्या जबड्यातून घालतात. तिचं मांस मऊ, आणि ती वळवळते. दोर सैल पडला की तोच अंगाभोवती गुंडाळून गाठी मारते.

अशी वाम फेकताना काठीचा टोकाकडचा भाग कडक असेल, तर झटका बसतो. झटक्यानं जबडा फाटतो, वाम एकीकडे आणि गळ दुसरीकडे जातो. किंवा वाम गळावर राहते पण मरते, आणि मेलेली वाम पोहत नाही. काठी सावकाश, टोकापासून थेट मुठीपर्यंत वाकणारी असेल, तर ती वामेचं वजन हळूहळू अंगावर घेते आणि हळूहळू सोडते. वाम भिरकावली जात नाही, जणू झोक्यातून सोडली जाते. थोडक्यात, इथं काठीची गरज ताकदीची कमी आणि सबुरीची जास्त आहे.

मग वेळू इतका योग्य का? बांबूचा आडवा काप पाहा. बाहेरच्या सालीजवळ तंतू दाट असतात आणि आत जाताना विरळ होतात. काठी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण पडतो तो बाहेरच्या पृष्ठभागावर, म्हणजे जिथं ताण तिथंच तंतू. त्यात मधली पेरं, आणि मुळाकडून शेंड्याकडे निमुळतं होत जाणं. वाकण्यासाठी घडवलेली काठी निसर्गानं आधीच तयार ठेवलेली असते. माणसानं ती वाळवायची, तेल लावायचं, शेकून सरळ करायची. लाठी करणारे आपल्याकडे हेच करत आले आहेत.

कलकत्ता नावाचा बांबू

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत काठ्या लाकडाच्या असत. हिकरी, लान्सवूड, आणि गयानाहून येणारं ग्रीनहार्ट. ग्रीनहार्ट चिवट पण इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. दहा-बारा फुटांची तशी काठी दिवसभर हातात धरली की मनगट बोलू लागतं.

मग हिंदुस्थानातून बांबू येऊ लागला. कलकत्त्याच्या बंदरातून येणारा म्हणून त्याचं नावच कलकत्ता पडलं. अमेरिकेतल्या काठ्यांच्या दुकानात गिऱ्हाईक सरळ ‘एक कलकत्ता द्या’ म्हणे. हा बांबू म्हणजे आपली मानवेल, असं साधारणपणे मानलं जातं. बंदराचं नाव मालाला चिकटलं आणि जंगलाचं नाव मागे पडलं. अनेक वेळूंवर भाजल्याचे काळे डाग असत, आणि त्या डागांवरून जुन्या संग्राहकांना आजही कलकत्ता ओळखू येतो.

अखंड वेळूच्या काठ्या समुद्रकिनाऱ्यावरून बास धरायला वापरल्या जात. पण गोष्ट पुढे गेली ती चिरण्यानं. 1840 च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप या बंदुका बनवणाऱ्या कारागिरानं बांबू चिरून त्याच्या पट्ट्या चिकटवल्या. 1870 च्या दशकात मेन प्रांतात हायरम लेनर्ड यानं सहा पट्ट्यांच्या काठ्यांचा धंदा उभा केला. प्रत्येक पट्टी साठ अंशांत तासायची, सहा चिकटवायच्या, की षट्कोनी भरीव काठी तयार. बाहेरचे दाट तंतू सगळीकडून बाहेरच राहतात आणि आतला भुसभुशीत भाग निघून जातो.

म्हणजे वेळू आपला, पट्टी त्यांची, आणि पैसाही त्यांचा. कापसाची जी कथा, तीच बांबूची. 1873 मध्ये मद्रास मुलकी सेवेतल्या एच. एस. थॉमस यांचं भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचं जाडजूड पुस्तक मंगळूरला छापलं गेलं. त्यानंतर साहेबांची अशी पुस्तकं येत राहिली. महसीर मारायला आलेला साहेब विलायती कंपनीची चिरीव काठी घेऊन यायचा, आणि तिचा वेळू बहुधा याच देशातून गेलेला असायचा.

शेजारी मल्लाहाच्या हातात तोच बांबू अखंड असे, आणि जिवंत आमिषासाठी त्याची अखंड काठी वाईट नव्हती. चिरीव काठीचा मोठा फायदा हलक्या, अचूक फेकीला होतो. हलक्या पिसांच्या माशीला तो लागतो. जड, मऊ, वळवळणाऱ्या जिवाला सावकाश वाकणारा साधा वेळूही चालतो.

टोंकिन, काच आणि कार्बन

कलकत्त्याचं राज्य फार टिकलं नाही. त्याची पेरं उठावदार, त्यामुळे पट्टी सरळ काढायला त्रास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला एक बांबू आला, जास्त सरळ आणि कमी गाठींचा. चांगल्या चिरीव काठ्यांत त्यानं कलकत्त्याची जागा घेतली. व्यापाऱ्यांनी त्याला टोंकिन म्हटलं. टोंकिन व्हिएतनाममध्ये आहे, आणि हा बांबू तिथला नाही. म्हणजे पुन्हा तेच, नाव एका गावचं आणि वेळू दुसऱ्या गावचा.

मग राजकारण आडवं आलं. कोरियन युद्ध सुरू झाल्यावर 1950 मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन मिळेनासा झाला. पण पर्याय तयार होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचतंतूचं तंत्र पक्कं झालं होतं. आर्थर हॉवल्ड या रसायनतज्ज्ञाच्या पद्धतीनं शेक्सपिअर कंपनीनं युद्धानंतर लगेच काचतंतूच्या काठ्या बाजारात आणल्या. त्या कुजत नाहीत, कीड लागत नाही, ओलावा पीत नाहीत, आणि स्वस्त.

तिसरी पायरी कार्बनची. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात मजबूत कार्बनतंतू तयार झाले. 1973 मध्ये अमेरिकेतल्या फेनविक कंपनीनं कार्बनची काठी विकायला काढली. आकडे बघा. काचतंतूचा कडकपणा सुमारे 70 गिगापास्कल, साध्या कार्बनतंतूचा सुमारे 230. घनता मात्र उलटी, काचेची सुमारे 2.5, कार्बनची 1.8. तिप्पट कडक आणि वर हलका. कागदावर तर कार्बन जिंकला.

आणि इथंच वाम आडवी येते. आजही अमेरिकेच्या किनाऱ्यावर जिवंत वाम फेकणारे अनेक लोक काचतंतूची, नाहीतर काच आणि कार्बन मिसळलेली काठी घेतात. कारण तेच, कार्बनचा झटका वामेला सोसत नाही. काच जड आहे, पण ती मुठीपर्यंत वाकते. कार्बन अगदी नकोच असंही नाही. सावकाश वाकणारी कार्बनची काठीही बनते, आणि फेकणाऱ्याचा हात मऊ असेल तर तीही चालते. पण निवडीचा निकष कडकपणा नाही, वाकणं आहे. जाता जाता एक इशारा. कार्बन विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखाली किंवा वादळात कार्बनची काठी उभी धरणं जिवावर बेतू शकतं.

म्हणजे शंभर वर्षांचं तंत्रज्ञान पालथं घालून माणूस जिथं पोचला, त्या गुणाचं नाव आहे सावकाश वाकणं. वेळूत तो आधीपासून होता. याचा अर्थ जुनं ते सोनं असा नाही. चांगली काचतंतूची काठी बांबूपेक्षा टिकाऊ आहे, हे मान्य करायलाच हवं. अर्थ एवढाच की साधनांचा इतिहास ही शिडी नाही. प्रत्येक पदार्थ काहीतरी देतो आणि काहीतरी काढून घेतो. काय हवं हे ठरवायचं ते कामानं, कॅटलॉगच्या शेवटच्या पानानं नव्हे.

काठी उरली, वाम उरेल का

आता राहिला तो खरा पणाला लागलेला भाग.

अहीर समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि अंडी घालायला परत समुद्रात जातो. म्हणजे त्याला वाट मोकळी लागते. 1975 मध्ये गंगेवर फराक्का धरण सुरू झालं आणि समुद्रातून वर येणाऱ्या माशांची वाट अडली. हिलशाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण वाट अहिरालाही तीच. भारतीय अहीर आज जागतिक यादीत धोक्याच्या उंबरठ्यावरच्या प्राण्यांत नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या वामेचा साठा खालावल्याचं तिथल्या किनारी राज्यांच्या आयोगानं 2012 मध्ये जाहीर केलं. स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्यात जिवंत मासा आमिष म्हणून लावायला कायद्यानं बंदी आहे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काही मासे अवध्य ठरवले आहेत आणि ठरावीक दिवशी मासे धरायला आणि विकायला मनाई आहे. तो लेख कोरलेला एक स्तंभ इथून वर, प्रयागच्या किल्ल्यात उभा आहे. आपण बसलो आहोत हे पात्रही काही काळ राखीव होतं. 1989 मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतच्या सात किलोमीटरांत कासवांचं अभयारण्य झालं. राजा घाट त्याच पट्ट्यात येतो. 2020 मध्ये इथलं अभयारण्य रद्द झालं.

बांबूचं काय झालं तेही सांगतो. 1927 च्या वन कायद्यानं बांबूला झाड मानलं, त्यामुळे तो तोडायला आणि वाहून न्यायला परवाने लागत. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे. 2011 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावानं वनहक्क कायद्याखाली स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला. 2017 मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला. ज्या वेळूनं एकेकाळी जगभरच्या काठ्या घडवल्या, तो आपल्याच माणसांना मोकळेपणानं तोडता यायला इतकी वर्षं लागली. आज मानवेलीच्या काठीला तेल लावून, शेकून, नीट घडवणारा कुणी तरुण मेळघाटात किंवा गडचिरोलीत असेल, तर त्याला कलकत्त्याचं नाव उसनं घेण्याची गरज नाही.

तेव्हा कुणी विचारलं, की जिवंत वामेसाठी काठी कशाची, तर माझं उत्तर असं. मुठीपर्यंत सावकाश वाकणारी. काचतंतूची मिळाली तर उत्तम, चांगल्या भरीव वेळूची मिळाली तर तीही उत्तम, कार्बनची असेल तर मऊ बघून घ्या. आणि वाम लावण्याआधी, त्या पाण्यात ती किती उरली आहे, हे तिथल्या मल्लाहाला विचारा. त्याचं ज्ञान लिहिलेलं नाही, म्हणून ते नाही असं समजू नका.

पुढच्या भागात आपण भोसले घाटावर जाऊ. तोवर नमस्कार.